आपल्या वाईचे गुरुजी, सर आणि बाई : घरच्या ग्रुपवरची चर्चा

चिऊ : सगळ्यांना नमस्कार 🙏 शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलवरून माझी नेमणूक झाल्याचं परवा कळवलंच. जव्हार तालुक्यातली जिल्हा परिषदेची शाळा आहे, पहिली ते चौथी, आम्ही दोघंच शिक्षक. सोमवारी हजर होतेय. डी.एड.ला पाठाचं टाचण, शैक्षणिक साहित्य सगळं शिकले. आता तुमच्याकडून एक हवंय. तुम्ही एकत्र जमलात की वाईच्या शिक्षकांचा विषय निघतोच. ते इतकी वर्षं लक्षात राहिले, तर त्यांनी वर्गात केलं तरी काय? "फार प्रेमळ होते" एवढ्यावर सोडू नका, काय केलं ते सांगा.

धाकटी काकू : मनापासून अभिनंदन गं 💐 जव्हारला पाऊस फार, रेनकोट चांगला घे.

आप्पा आजोबा : चिऊ बाळ, शुभाशीर्वाद. लिहायला वेळ लागेल, थांब.

मोठी आत्या : आप्पा, बोलून पाठवा ना.

आप्पा आजोबा : नको. लिहूनच पाठवतो.

आप्पा आजोबा : १९५७ साल. मी चौथीत होतो. १ एप्रिलपासून नवे पैसे चालू झाले. तोवर रुपयाचे सोळा आणे, आता शंभर पैसे. चार आण्यांचे २५ आणि आठ आण्यांचे ५० हे सगळ्यांना समजलं, पण एक आण्याचे ६, दोन आण्यांचे १२ आणि तीन आण्यांचे एकदम १९ कसे, हे मोठ्या माणसांनाही उमगेना. बाजारात रोज वाद. आमच्या गुरुजींनी फळ्यावर कोष्टक लिहिलं आणि आम्हाला सांगितलं, पाठ करायच्या आधी हे असं का ते शोधा. आण्याला सव्वासहा पैसे, मग पाव पैसा जातो कुठे? पावकी-निमकी, म्हणजे पाव आणि अर्ध्याचे पाढे, पाठ होतीच, दोन दिवसांत आमचं आम्हाला सापडलं. मग बाजाराच्या दिवशी त्यांनी आम्हाला दोघादोघांच्या जोडीने भाजीवाल्या बायकांशेजारी बसवलं. गिऱ्हाईक आलं की हिशेब आम्ही सांगायचा. माझ्याकडे एक म्हातारी मेथी विकत होती. संध्याकाळी उठताना तिने माझ्या टोपीत मूठभर बोरं टाकली. गुरुजी लांब उभे राहून सगळ्यांवर लक्ष ठेवून होते, मध्ये एकदाही बोलले नाहीत.

चिऊ : आप्पा 🙏🙏 हेच हवं होतं मला.

न्यू जर्सीचा दादा : हे मला कधीच सांगितलं नाहीत आप्पा!

आप्पा आजोबा : तू कधी विचारलं नाहीस.

मोठी आत्या : आता माझं ऐक. १६ फेब्रुवारी १९८०, शनिवार. सूर्यग्रहण. खग्रास पट्टा खाली अंकोला-हुबळी-रायचूरकडून गेला, आपल्याकडे खंडग्रास, पण बराचसा सूर्य झाकला जाणार होता. गावात भीती केवढी! दारं-खिडक्या बंद, पाण्यावर तुळशीपत्र, रस्त्यावर चिटपाखरू नाही. मी सातवीत होते. शनिवारची सकाळची शाळा, दुपारी सुट्टी. आमचे विज्ञानाचे सर आदल्या संध्याकाळी घरोघरी फिरले. आईला म्हणाले, "वहिनी, मुलगी माझ्या जबाबदारीवर येईल. वर बघू देणार नाही, खाली बघायला शिकवणार आहे." आई तयार नव्हती. आप्पा, तुम्ही मध्ये पडलात म्हणून मला जायला मिळालं.

आप्पा आजोबा : आठवतं.

मोठी आत्या : दुपारी कृष्णेच्या घाटावर आम्ही जेमतेम डझनभर पोरं. सरांनी पुठ्ठ्याला टाचणीने भोक पाडून दिलं होतं. सूर्याकडे पाठ करून उभं राहायचं, पुठ्ठा उन्हात धरायचा आणि दुसऱ्या पांढऱ्या पुठ्ठ्यावर सूर्याचं चित्र पाडायचं. साडेतीनच्या सुमारास ऊन असं काही पिवळट, थंड झालं की अंगावर काटाच आला. तेवढ्यात सर म्हणाले, "पिंपळाखाली या." पानांमधल्या फटींतून एरवी गोल कवडसे पडतात ना, ते सगळे चंद्रकोरी झाले होते! घाटाच्या पायऱ्यांवर शेकडो कोरी. आम्ही वेड्यासारख्या ओरडत होतो. सरांनी विचारलं, "पुठ्ठ्याचं भोक आणि पानांतली फट, दोघांचं काम एकच आहे का?" आणि उत्तर न देता घरी पाठवलं. मी बी.एस्सी. फिजिक्सला गेले ते त्या प्रश्नामुळे. हे मी सरांना नंतर जाऊन सांगितलंसुद्धा.

चिऊ : उत्तर दिलंच नाही त्यांनी?

मोठी आत्या : सोमवारी वर्गात आमच्याकडूनच काढून घेतलं. पण चिऊ, पुठ्ठ्याच्या भोकातून डोळा लावून सूर्याकडे कधीही बघू द्यायचं नाही हं. हे तिथल्या मुलांना दहादा सांग.

मोठे काका : माझ्या लहानपणी आमची बदल्यांची गावं, चार शाळा झाल्या. त्यातल्या एका शाळेत छडीचे सर होते. त्यांचा विषय मला आजही नको वाटतो. हेही लक्षात ठेव बाळा, तेसुद्धा इतकी वर्षं लक्षात राहतात.

न्यू जर्सीचा दादा : मला खो-खोचे सर आठवतात. उन्हाळ्यात पहाटे स्वतः मैदानावर पाणी मारायचे. बाकी आत्यासारखं सांगण्याजोगं काही नाही 😊

धाकटे काका : माझं लांबेल. आपल्या वाईला विश्वकोशाचं कार्यालय. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी प्रमुख संपादक, १९७६ला पहिला खंड आला. आम्हा पोरांना गावात एवढं मोठं काम चाललंय याचा पत्ताच नव्हता. आठवीत आमच्या मराठीच्या बाईंनी एक खंड वर्गात आणला, नोंद कशी असते ते दाखवलं आणि म्हणाल्या, "आता आपल्या वर्गाचा कोश. ज्याच्या घरी जे चालतं त्यावर त्याने नोंद लिहायची." कोणी कुंभाराच्या भट्टीवर लिहिलं, कोणी मेणवलीच्या घाटावरच्या घंटेवर. मी हळदीवर. पहिलं वाक्य लिहिलं, "हळद खूप वेळ शिजवतात." बाईंनी "खूप"खाली रेघ मारली. समासात लिहिलं, "म्हणजे किती? शिजली हे कोणी ठरवायचं?" मी आजीकडे गेलो.

आप्पा आजोबा : तिला हळदीचं सगळं कळायचं.

धाकटे काका : हो ना. ती म्हणाली, काहिलीत फेस येऊन वास सुटला पाहिजे, आणि काडी टोचली की सहज आत गेली पाहिजे. लिहून नेलं. बाईंनी पुन्हा रेघ मारली, "उन्हात वाळवतात" खाली. किती दिवस? गड्डे आणि हळकुंडं एकत्र वाळवता की वेगळी? पुन्हा आजी. असं चार-पाच वेळा झालं. लिहिता न येणाऱ्या माझ्या आजीला त्या दिवसांत मी जेवढे प्रश्न विचारले तेवढे आयुष्यात विचारले नसतील. आणि शेवटी बाईंनी नोंदीखाली माझ्या नावाच्या आधी आजीचं नाव लिहायला लावलं, "माहिती देणार" म्हणून. वही मी तिला वाचून दाखवली. नाव ऐकल्यावर तिने ती वही पदराने पुसली आणि देव्हाऱ्यात ठेवली.

मोठी आत्या : 😢 मला हे माहीत होतं, तरी पुन्हा वाचून भरून आलं.

चिऊ : काका, माझी मुलं पहिली ते चौथीची. घरी कोकणा नाहीतर वारली बोलतात. पुस्तकातली मराठी त्यांना परकीच. पहिलीतली तर बोलणारच नाहीत सुरुवातीला, असं तिथल्या सरांनी आत्ताच सांगितलं.

धाकटी काकू : इथे मी बोलते. माझं माहेर अमळनेर. आमच्या घरी अहिराणी. पहिलीच्या पहिल्या दिवशी मी दाराला धरून उभी. बाईंनी जवळ येऊन विचारलं, "तुनं नाव काय शे?" मी चटकन सांगितलं आणि आत गेले. पुढे दिवाळीपर्यंत त्या आधी आमच्या बोलीत विचारायच्या, मग तेच पुस्तकातल्या मराठीत. आमचं उत्तर कुठल्याही बोलीत चालायचं. तू पहिल्या आठवड्यात मुलांकडून वीस-पंचवीस शब्द शिकून घे. पाणी, भूक, आई, बस, ये, दुखतंय. मुलांनाच तुला शिकवू दे.

धाकटी काकू : आणि अजून एक. माझे आजोबा प्रताप हायस्कूलच्या छात्रालयात होते, साने गुरुजी तिथे होते तेव्हा. १९२४ ते ३० गुरुजी त्या शाळेत होते. आजोबा त्यांच्या शिकवण्याबद्दल कमीच सांगायचे. सांगायचे ते असं की मुलं शाळेत गेली की गुरुजी त्यांच्या खोल्या झाडत, कपड्यांच्या घड्या करून ठेवत. आणि हाताने लिहून छात्रालयाचं दैनिक काढत, मुलं ते वाचायला धावत. तू कपडे आवरायला जाऊ नकोस 😊 पण रोज फळ्याच्या कोपऱ्यात शाळेतलीच एक ताजी बातमी लिही. कोणाच्या शेळीला करडू झालं, कोणाचा दात पडला. आपल्या घरची बातमी आहे म्हटल्यावर वाचायची धडपड मूल आपणहून करतं.

चिऊ : काकू, हे सोमवारपासूनच! काका, तुमच्या बाई सगळ्या वर्गाच्या नोंदी एकदम तपासायच्या का? तिसरी-चौथीला करून बघावं म्हणते.

धाकटे काका : नाही. रोज चार-पाच वह्याच घ्यायच्या, त्या मुलाला शेजारी बसवून. आपली पाळी कधी येते याची आम्ही वाट बघायचो. तूही एकदम सगळ्यांच्या घेऊ नकोस. आणि लाल शाई वापरू नकोस, बाई पेन्सिलीनेच रेघ मारायच्या.