रंग भरलेले नाहीत, छापलेले आहेत

कुणीतरी म्हटलंय की 'दहा बांबू' या जुन्या चिनी चित्रसंग्रहातल्या फुलाफळांच्या चित्रांत रंग नंतर हाताने भरले असावेत. तसं नाही, ते ठसेच आहेत. नानजिंगच्या हू झेंगयान या प्रकाशकाने १६३३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या या संग्रहात एकेका रंगाला वेगळा, छोटासा लाकडी ठोकळा आहे. ठोकळा टेबलावर पक्का बसवायचा, कागदांची चळत एका कडेने आवळायची आणि एकेक कागद त्यावर उलटवून पाठीमागून घासायचा. प्रेस वगैरे काही नाही.

खरी गंमत गडद-फिक्या छटांची. या छटा ठोकळ्यात कोरलेल्या नसतातच! छापणारा दर वेळी ठोकळ्यावरच कुंचल्याने रंग पुसट करत नेतो. मग एकाच फळाची लाली दोन प्रतींत थोडी वेगळी उतरणारच ना?