पुसलेल्या लॅपटॉपवर परत विंडोजच टाकायची का?

सांडगी_मिरची: बाबांचा जुना लॅपटॉप, आय५ सहावी जनरेशन, ४ जीबी रॅम. भाच्याने "साफ करून देतो गं मावशी" म्हणत अख्खी डिस्कच पुसली, आता चालू केला की काळ्या स्क्रीनवर 'बूट डिव्हाइस सापडत नाही' एवढंच. दुकानवाला १२०० मागतोय, "विंडोज अकरा टाकतो, ऑफिस फुकट". माझं मत, विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकटची ऑपरेटिंग सिस्टीम टाकायची आणि विषय संपवायचा. बाबा करतात काय तर पेपर वाचणं, यूट्यूबवर कीर्तन आणि बँकेचा बॅलन्स बघणं.

खिडकीत_उभा: ताई, अजिबात नको!! डिस्क पुसली म्हणून लायसन्स जात नाही, बहुतेक ब्रँडेड लॅपटॉपची की (लायसन्सचा कोड) मदरबोर्डच्या चिपमध्येच असते. मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून मीडिया क्रिएशन टूल (विंडोज टाकायचा पेन ड्राइव्ह बनवणारं) घ्या, ८ जीबीचा पेन ड्राइव्ह, तीच होम किंवा प्रो एडिशन टाका, नेटला जोडलं की आपोआप अ‍ॅक्टिव्हेट. बाबांना या वयात नवा मेनू कशाला शिकवताय, रोज फोन तुम्हालाच येणार.

पेंगणारा_पेंग्विन: आणि टाकणार कुठली? विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि इंटेलची आठवी जनरेशन लागते. दुकानवाला ती तपासणी टाळून टाकणार, आणि त्याचं 'फुकट ऑफिस' म्हणजे क्रॅक, चोरीची कॉपी. त्याच मशीनवर बँकेचा पासवर्ड टाकायचा? छान.

खिडकीत_उभा: ईएसयूत (सपोर्ट संपल्यावरच्या जादा सुरक्षा अपडेटच्या योजनेत) नाव घातलं की १० ला ऑक्टोबर २०२६ पर्यंत अपडेट मिळतात की. तुम्हा लिनक्सवाल्यांना प्रत्येक घरात पेंग्विन पाळायचाय, मग प्रिंटर चालला नाही की म्हणणार टर्मिनल (कमांड टाइप करायची खिडकी) उघडा.

पेंगणारा_पेंग्विन: अहो पण मिंट पेन ड्राइव्हवरून नुसतं चालवून बघता येतं, इन्स्टॉल न करता. वायफाय, आवाज, तुमचा तो लाडका प्रिंटर, सगळं आधी बघा आणि मग भांडा.

जुना_फॉरमॅटवाला: भांडा खुशाल, पण डिस्कवर फोटो होते का हे कोणी विचारलंच नाही. साधी हार्ड डिस्क आणि क्विक फॉरमॅट (वरवरचं पुसणं) असेल तर बरंच परत येऊ शकतं, एसएसडी असेल तर आशा कमी. पण काहीही इन्स्टॉल केलंत की जुन्यावर नवं लिहिलं जाणार, मग ती विंडोज असो की मिंट.

सांडगी_मिरची: अगं बाई. बारशाचे फोटो त्यातच होते. लॅपटॉप बंद केलाय, आधी बाबांना विचारते.

खिडकीत_उभा: मी म्हणतच होतो, घाई नको.

पेंगणारा_पेंग्विन: कधी??