मधुमेह आणि सीओपीडी असलेल्या ५७ वर्षांच्या आईला न्यूमोकोकल लस द्यावी का?

कृष्णाकाठ:
नमस्कार. माझ्या आईला बऱ्याच वर्षांपासून मधुमेह आहे. तिने कधी विडी-सिगारेट ओढली नाही, पण उमेदीची सगळी वर्षे चुलीपुढे गेली आणि गेल्या वर्षी छातीच्या डॉक्टरांनी फुंकर मारायची तपासणी करून सीओपीडीचे (श्वासमार्ग कायमचे अरुंद होऊन दम लागण्याच्या आजाराचे) निदान केले. आता त्यांनी न्यूमोकोकल लस घ्यायला सांगितले आहे. घरच्यांचे म्हणणे असे की ही लस तान्ह्या बाळांना देतात, आईची तर अजून साठीही झालेली नाही, शिवाय ती दरवर्षी फ्लूची लस घेते. दुकानात चौकशी केली तेव्हा दोन-तीन प्रकारच्या लसी असल्याचे कळले आणि गोंधळ आणखी वाढला. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

फिजिशियन_नगर:
तुमच्या डॉक्टरांचा सल्ला योग्य आहे. न्यूमोकोकस हा जीवाणू अनेक निरोगी माणसांच्या, विशेषतः लहान मुलांच्या, नाकाघशात काहीही त्रास न देता राहतो आणि खोकण्या-शिंकण्यातून दुसऱ्याकडे जातो. तो फुप्फुसात उतरला की न्यूमोनिया होतो, रक्तात किंवा मेंदूच्या आवरणात शिरला तर जिवावर बेतते. निरोगी माणसाच्या श्वासनलिकेतील सूक्ष्म केस कफासोबत जंतूंनाही वर ढकलून बाहेर काढतात. चुलीच्या धुराने नेमकी हीच व्यवस्था निकामी होते. त्यात रक्तातील साखर सतत वाढलेली असली की जंतू गिळणाऱ्या पांढऱ्या पेशी मंदावतात. म्हणजे तुमच्या आईंच्या बाबतीत दोन धोके एकमेकांत मिसळलेले आहेत, आणि अशा वेळी केवळ वयाकडे बोट दाखवून थांबणे मला अजिबात पटत नाही. अमेरिकेतही १९ ते ४९ वयाच्या मधुमेही, हृदयरोगी, दमेकरी आणि धूम्रपान करणाऱ्यांना ही लस सुचवतात, आणि सरसकट सर्वांसाठीची वयोमर्यादा तिथे २०२४ मध्ये ६५ वरून ५० वर आणली आहे.

फ्लूची लस विषाणूविरुद्धची आहे. ती चालू ठेवावीच, कारण फ्लूने श्वासमार्गाचे अस्तर सोलवटले की मागोमाग हा जीवाणू आत शिरतो. १९१८ च्या साथीतील बहुसंख्य मृत्यू अशा जीवाणूजन्य न्यूमोनियानेच झाले. मात्र एक लस दुसरीची जागा घेऊ शकत नाही.

आता प्रकारांविषयी. जंतूच्या २३ प्रकारांवरची जुनी लस केवळ त्याच्या साखरेच्या आवरणापासून बनते. तिने शरीरात टिकाऊ स्मृती तयार होत नाही. १३ किंवा २० प्रकारांवरच्या लसीत ते आवरण एका प्रथिनाला जोडलेले असल्याने स्मृती तयार होते. सर्वसाधारणपणे २० ची लस घेतली तर एका मात्रेत काम भागते. १३ ची घेतली तर एक वर्षाने २३ ची घेतात. नेदरलँड्समध्ये ६५ वर्षांवरील सुमारे ८४ हजार लोकांवर झालेल्या चाचणीत, १३ च्या लसीत समाविष्ट असलेल्या प्रकारांमुळे होणारा न्यूमोनिया सुमारे ४५ टक्क्यांनी आणि त्याच प्रकारांचा रक्तात पसरणारा आजार सुमारे ७५ टक्क्यांनी कमी झाला. या जंतूचे शंभराहून अधिक प्रकार आहेत, त्यामुळे लस घेतल्यावर न्यूमोनिया होणारच नाही असे कोणी समजू नये.

सातपुडा:
मी नंदुरबार भागात सिकलसेलच्या (तांबड्या पेशी कोयत्याच्या आकाराच्या होणाऱ्या आनुवंशिक आजाराच्या) रुग्णांसोबत काम करते, म्हणून एक मुद्दा जोडते. या जंतूला रक्तातून गाळण्याचे मोठे काम पांथरी (प्लीहा) करते. सिकलसेलमध्ये ती बालपणीच निकामी होत जाते. काहींची अपघातानंतर किंवा थॅलेसेमियामुळे काढलेली असते. अशा माणसाला सकाळी हुडहुडी भरून ताप आला आणि संध्याकाळी तो अत्यवस्थ झाला, असे घडू शकते. त्यामुळे त्यांनी लस घेतलेली असली तरीही ताप आल्यावर उद्याची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. मूत्रपिंडाचा जुना आजार, एचआयव्ही, कर्करोगाचे उपचार किंवा दीर्घकाळ स्टिरॉइडच्या गोळ्या चालू असतील, तर मात्रांचे अंतर वेगळे असते. ते डॉक्टरांकडून लिहूनच घ्यावे.

कृष्णाकाठ:
दोघांचेही मनापासून आभार. आणखी दोन शंका आहेत. आईची साखर सध्या २५० च्या आसपास आहे. ती आटोक्यात येईपर्यंत थांबावे का? आणि तिच्या इन्हेलरमध्ये स्टिरॉइड आहे, त्याने न्यूमोनिया होतो असे कोणीतरी सांगितल्यापासून ती तो टाळू लागली आहे.

फिजिशियन_नगर:
साखरेसाठी लस लांबवू नका. दोन्ही कामे सोबत चालू द्या. जोराचा ताप किंवा दम लागण्याची तीव्र उबळ असेल तेवढेच दिवस थांबावे. फ्लूची लस त्याच दिवशी दुसऱ्या दंडात घेता येते. एक-दोन दिवस दंड दुखणे, कणकण येणे एवढेच बहुतेकांना होते.

इन्हेलरमधील स्टिरॉइडने सीओपीडीच्या रुग्णांत न्यूमोनियाची शक्यता काहीशी वाढते हे खरे आहे, परंतु तो मनाने बंद केल्यास दम उफाळून येण्याचा धोका असतो. डॉक्टरांना स्पष्ट विचारा. स्टिरॉइडशिवायचे इन्हेलरही असतात आणि कोणाला कोणता द्यायचा हे ठरवताना रक्तातील इओसिनोफिल या एका जातीच्या पांढऱ्या पेशींचे प्रमाण पाहतात. तोवर इन्हेलर घेतल्यावर चूळ भरायची आणि औषध नियमित चालू ठेवायचे, एवढे आईंना नीट समजावून सांगा.

माहेरवाशीण:
वडिलांच्या आजारपणातील अनुभवावरून सांगते. त्यांना न्यूमोनिया झाला तेव्हा ताप जेमतेम होता. जेवणावरची वासना उडाली होती, बोलण्यात असंबद्धता होती आणि बसल्या जागी श्वास जलद चालला होता. त्यामुळे आई बरी असताना ऑक्सिमीटरवर किती आकडा येतो तो टिपून ठेवा, कारण सीओपीडीत तो मुळातच थोडा कमी असू शकतो आणि ऐनवेळी तुलनेला काहीच नसते. सरकारी कार्यक्रमात ही लस २०१७ पासून टप्प्याटप्प्याने बाळांना मिळू लागली, पण मोठ्यांना ती सहसा पदरमोड करूनच घ्यावी लागते, तेव्हा पैशांची सोय आधीच करून ठेवा. लसीचे नाव आणि तारीख आईच्या फाइलमध्ये लिहून ठेवा. पुढची मात्रा हवी की नको, हे त्यावरच ठरते.