सासऱ्यांना थोडे दिवस केंद्रात ठेवण्याबद्दल

ताई, तुमच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी अंथरुणाला खिळलेल्या, स्मृतिभ्रंश असलेल्या सासऱ्यांना पंधरा दिवस वृद्धांची काळजी घेणाऱ्या केंद्रात ठेवलं तर नातेवाईक ‘म्हातारा टाकला’ म्हणतील, अशी भीती तुम्ही लिहिली आहे. बोलणाऱ्यांपैकी एक तरी जण रात्री उठून त्यांचा डायपर बदलायला येतो का? खुशाल ठेवा. डोळ्यांत थेंब घालायचे, वाकायचं नाही, जड उचलायचं नाही, हे सगळं पाळून अंथरुणातल्या माणसाला कूस बदलून देणं तुम्हाला जमणार नाही.

फायदा त्यांचाही होतो. रोज बघणाऱ्याच्या नजरेतून सुटलेला माकडहाडाजवळचा लालसरपणा नव्या नर्सला पटकन दिसतो आणि जखम व्हायच्या आत उपाय होतो. बोलायला चार माणसं मिळतात ते वेगळंच.

मात्र स्मृतिभ्रंशात जागा बदलली की पहिले काही दिवस गोंधळ वाढू शकतो. म्हणून आधी एक-दोनदा नुसतं दिवसभरासाठी नेऊन पाहा. गोळ्यांच्या वेळा, चहा कसा लागतो, कशाने चिडतात, कोणत्या नावाने हाक मारली की ओ देतात, हे सगळं कागदावर लिहून द्या. कवळी, श्रवणयंत्र आणि रोजची गोधडी सोबत हवीच. रात्रपाळीला किती माणसं असतात आणि तब्येत बिघडली तर कोणत्या दवाखान्यात नेतात, हे स्वतः जाऊन विचारा.

ऑटिझम असलेल्या मुलाला असंच केंद्रात ठेवण्याबद्दल ज्यांनी विचारलंय त्यांनी नॅशनल ट्रस्टच्या ‘समर्थ-कम-घरौंदा’ या निवासी काळजीच्या योजनेची चौकशी करावी. १९९९च्या कायद्याने स्थापन झालेली ही संस्था ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता यांसाठी काम करते.