मदत हवी आहे: आयऑक्टलची दुरुस्ती कर्नलमध्ये करू की लायब्ररीत?

नमस्कार मंडळी, दोन दिवस एकाच ठिकाणी अडकलोय.

मोजमापाच्या एका कार्डाचा लिनक्स ड्रायव्हर माझ्याकडे आहे. ६४ बिट कर्नलवर (लिनक्सच्या गाभ्यावर) जुना ३२ बिट प्रोग्राम चालवला की आयऑक्टल, म्हणजे प्रोग्रामने ड्रायव्हरला क्रमांक देऊन केलेली विनंती, थेट ‘ईनॉटटीवाय’ (अशी विनंती इथे चालत नाही) ही चूक देऊन परत येतो. ६४ बिट प्रोग्राम मात्र व्यवस्थित चालतो.

कारण सापडलंय. विनंतीसोबत जाणाऱ्या स्ट्रक्टमध्ये (माहितीच्या साच्यात) आधी यू३२ (चार बाइटचा आकडा), मग यू६४ (आठ बाइटचा). ३२ बिट एक्स८६ वर यू६४ चार बाइटच्या सीमेवर बसतो, म्हणून आकार १२ बाइट. ६४ बिटवर मध्ये चार बाइटची पोकळी राहते आणि आकार १६ होतो. आयऑक्टलच्या क्रमांकातच हा आकार असतो, त्यामुळे ड्रायव्हरला तो क्रमांक ओळखताच येत नाही. ३२ बिट आर्म प्रोसेसरवर (ईएबीआय या मांडणीच्या नियमांनुसार) हे घडत नाही, म्हणूनच इतके दिवस लपून राहिलं.

साचा ठरवणाऱ्या हेडर फाइलमध्ये पॅडिंग (पोकळीच्या जागी भरीचे चार बाइट) घालून लायब्ररी पुन्हा कंपाइल करणं सोपं आहे. पण एका कारखान्यात तो जुना प्रोग्राम रोज वापरात आहे आणि त्याचा सोर्स कुणाकडेच नाही. शिवाय ३२ बिट कर्नलवर आज नीट चालणारे प्रोग्राम क्रमांक बदलल्यामुळे बंद पडतील, ते वेगळंच. यूझरस्पेस (कर्नलबाहेर चालणारे प्रोग्राम) मोडायची नाही, हा लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांचा आग्रह मला मनापासून पटतो.

म्हणून ड्रायव्हरमध्ये कॉम्पॅट आयऑक्टल (३२ बिट प्रोग्रामच्या विनंत्या हाताळणारा वेगळा कोड) लिहून १२ बाइटचा साचाही स्वीकारावा, असं वाटतंय. पण तो कोड मग कायम सांभाळावा लागेल. असं कुणी केलंय का? आणि नवीन पॅडिंग शून्यच हवं अशी तपासणी घालू का? जुन्या ६४ बिट प्रोग्राममध्ये तिथे कचरा (उरलेसुरले आकडे) असू शकतो, मग तपासणीमुळे तेच अडतील.