एअरलेस स्प्रेअरची मोटर चालते, पण रंगाला दाब नाही

प्रश्न (डिचोली):
चवथीपूर्वी एका जुन्या घराच्या आतल्या भिंतींना इमल्शन मारून देण्याचे काम घेतले आहे. माझा एअरलेस स्प्रेअर, म्हणजे हवेविना नुसत्या दाबाने रंग फवारणारा विजेवरचा पिस्टन पंप, गेल्या आठवड्यापर्यंत व्यवस्थित होता. आता पिस्टन वरखाली होतो, परंतु ट्रिगर दाबताच दाब कोसळतो आणि फवाऱ्याच्या पट्ट्याच्या दोन्ही कडांना जाड रेघा उमटतात. ५१७ क्रमांकाची टीप (गनच्या तोंडावरचे नोझल) नवी आहे, गनची व पंपाची जाळी धुतलेली आहे. दुकानदार संपूर्ण पॅकिंग किट (पिस्टनभोवतीच्या सीलांचा संच) बदलायला सांगतो. त्याआधी आणखी काही तपासावे का?

उत्तर (फोंडा):
किट घेण्याची घाई करू नका. पूर्ण दाब भरून ट्रिगर सोडा आणि पिस्टनकडे पाहत राहा. चांगला पंप वर जाताना असो वा खाली येताना, जागच्या जागी थांबतो. प्राइम व्हॉल्व्हच्या (सुरुवातीला पंपातली हवा काढण्याच्या व्हॉल्व्हच्या) परतीच्या नळीतून रंग ठिबकत नसेल आणि तरीही पिस्टन हळूहळू खाली सरकत असेल, तर खालच्या इनलेट व्हॉल्व्हची गोळी सीटवर (तिच्या बैठकीवर) नीट बसत नाही. वर सरकत असेल, तर पिस्टनमधली गोळी किंवा पॅकिंग यांत दोष आहे. वरचे पॅकिंग झिजले असेल तर वरच्या तेलाच्या वाटीत रंग चढलेला दिसतो. कोणताही भाग खोलण्यापूर्वी मशीन बंद करून प्लग काढा व दाब पूर्ण उतरवा, कारण या दाबाचा फवारा कातडीतून आत शिरतो. तसे झाल्यास जखम टाचणीएवढी दिसली तरी तडक हॉस्पिटल गाठावे लागते.

उत्तर (मडगाव):
वीज कुठून घेतली आहे? लांब, बारीक एक्स्टेन्शनवर व्होल्टेज पडते आणि मोटर फिरत असूनही दाब भरत नाही. मी स्वतः यात एक अख्खा दिवस घालवला आहे. शिवाय टीप नवी असली तरी ५१७ मधील १७ म्हणजे ०.०१७ इंचाचे भोक, तेवढे आपल्या मशीनला झेपते का, हे मशीनवर लिहिलेल्या कमाल टीपवरून ताडून पाहा. परतीच्या नळीतून बुडबुडे येत असतील, तर सक्शनच्या (बादलीतून रंग ओढणाऱ्या नळीच्या) जोडातून हवा शिरते आहे.

प्रश्नकर्ता (डिचोली):
पिस्टन खालीच सरकत होता. इनलेट खोलला, तर गोळीखाली नखाएवढी वाळलेल्या रंगाची साल अडकलेली होती. सक्शनची जाळी एका बाजूने सुटली होती, तिथूनच ती आत गेली असावी. गोळी आणि सीट दोन्ही गुळगुळीत आहेत. धुऊन बसवल्यावर दाब टिकतो आणि कडांच्या रेघाही गेल्या. किट घेतले नाही. जाळी मात्र नवी आणली आणि बादलीतला रंग आता कापडातून गाळूनच घेतो.