ऑस्करचा अंदाज-तक्ता: कुठल्या पुरस्काराला किती वजन द्यायचं?

तिसरी_रांग

येत्या ऑस्करसाठी अंदाजांचा तक्ता भरायचा आहे. नियम असे: २४ विभाग, प्रत्येक अंदाजाला १ ते २४ मधलं एक वजन, एक वजन एकदाच वापरायचं. अंदाज बरोबर आला तर तेवढे गुण, चुकला तर शून्य. एकूण ३०० गुण.

कच्चा तक्ता असा आहे: सर्वोत्कृष्ट चित्रपट २४, दिग्दर्शन २३, अभिनयाचे चार विभाग २२ ते १९, दोन्ही पटकथा (मूळ आणि रूपांतरित) १८ आणि १७, मग संकलन, छायालेखन वगैरे, आणि तीनही लघुपट तळाला.

अडलंय ते असं. पीजीए (निर्मात्यांच्या संघटनेचे), डीजीए (दिग्दर्शकांच्या), सॅग (अभिनेत्यांच्या), बाफ्टा (ब्रिटनचे) आणि गोल्डन ग्लोब या ऑस्करआधीच्या पुरस्कारांची तोंडं वेगवेगळ्या दिशांना असली तर ऐकायचं कुणाचं? सगळ्यात जास्त नामांकनं असलेल्या चित्रपटावर डोळे झाकून पैज लावावी का? आणि ध्वनी, रंगभूषा, व्हिज्युअल इफेक्ट्स यांत काही धरबंद असतो, की नुसत्या चिठ्ठ्या टाकायच्या? जाणकारांनी तक्त्याची चिरफाड करावी.

मतपेटी

चिरफाड वजनांपासूनच करू. तुम्ही मानाप्रमाणे वजनं लावली आहेत. ती खात्रीप्रमाणे लावा. सर्वोत्कृष्ट चित्रपटाबद्दल ५५ टक्के खात्री असेल आणि सहायक अभिनेत्याबद्दल ९० टक्के, तर २४ गुण सहायक अभिनेत्याचे. चित्रपटाचा मान मंचावर, तुमच्या तक्त्यात नाही.

आता मुख्य गोष्ट. (खाली सगळीकडे वर्ष चित्रपटांचं धरलंय, सोहळा त्याच्या पुढच्या वर्षी होतो. वेगळं काही असेल तिथे तसं लिहिलंय.)

२००९ पासून सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या अंतिम फेरीची मोजणी बाकी विभागांपेक्षा वेगळी आहे. इतरत्र ज्याला सर्वाधिक मतं तो जिंकला. इथे अकादमीचे (ऑस्कर देणाऱ्या संस्थेचे) सदस्य पसंतीक्रम लावतात, आणि कुणालाच निम्म्यापेक्षा जास्त पहिली पसंती नसेल तर तळाचा चित्रपट बाद करून त्याच्या मतपत्रिका पुढच्या पसंतीकडे वळवतात. समजा १०० मतपत्रिका आहेत: क ला ३८, ख ला ३०, ग ला २०, घ ला १२. घ बाद. त्याच्या १२ पैकी ९ ख कडे, २ ग कडे, १ क कडे गेल्या. क ३९, ख ३९, ग २२. मग ग बाद, त्याच्या २२ पैकी १५ ख कडे आणि ७ क कडे. ख ५४, क ४६. आठ मतांनी पुढे असलेला क हरला, कारण जे त्याचे चाहते नव्हते त्यांनी त्याला यादीत खाली ढकललं होतं.

म्हणून चित्रपट निवडताना "हा किती जणांना सगळ्यात जास्त आवडला" यापेक्षा "हा कुणाच्या डोक्यात गेलाय का" हे आधी तपासा. वाद अंगावर घेतलेला, लांबलचक, दोन तट पाडणारा चित्रपट दिग्दर्शनाचा पुरस्कार नेतो आणि इथे अडतो. २०१२ ते २०२१ या दहा वर्षांत चित्रपट आणि दिग्दर्शन हे पुरस्कार सहा वेळा वेगवेगळ्या चित्रपटांना गेले. २०२२ ते २०२४ सलग तीन वर्षं एकत्र राहिले, पण तेवढ्यावरून फाटाफुटीची सवय संपली असं मी धरणार नाही.

याच कारणासाठी पीजीएला वजन द्या. निर्मात्यांची ही संघटना २००९ पासून हीच पसंतीक्रमाची पद्धत वापरते. २००९ ते २०२४ या सोळा वर्षांत तिचा विजेता ऑस्करला हुकला तो तीनदा: २०१५ ('स्पॉटलाइट' जिंकला), २०१६ ('मूनलाइट') आणि २०१९ ('पॅरासाइट'). २०१३ ला तिथे दोन चित्रपटांत बरोबरी झाली होती, त्यातला एक पुढे जिंकला.

दिग्दर्शनासाठी डीजीए. २००३ ते २०२४ मध्ये दोनच चुका, त्यातली २०१२ ची तर चूकही म्हणता येणार नाही, कारण डीजीए जिंकलेल्या बेन अ‍ॅफ्लेकला ऑस्करचं नामांकनच नव्हतं. खरी चूक एकच, २०१९. डीजीए लागला की हा विभाग २२-२३ च्या वजनाला निर्धास्त जातो.

नामांकनांची संख्या हा कच्चा पुरावा आहे. 'ला ला लँड' १४ नामांकनं घेऊन हरला, 'एमिलिया पेरेझ' १३ घेऊन. 'कोडा' फक्त ३ नामांकनांवर जिंकला आणि तिन्ही पुरस्कार घेऊन गेला. संख्येपेक्षा नामांकनं कुठली आहेत ते बघा. पटकथेचं नामांकन नसताना जिंकलेला गेल्या तीस वर्षांतला चित्रपट म्हणजे 'टायटॅनिक' (१९९७).

कात्रीवाला

तांत्रिक विभागांचं बोलतो. चिठ्ठ्या टाकण्याइतकं ते आंधळं नाही.

आधी एक समजून घ्या. नामांकनं त्या-त्या शाखेचे लोक ठरवतात, संकलनाची संकलक, वेशभूषेची वेशभूषाकार. विजेता मात्र सगळे सदस्य ठरवतात. त्यामुळे नामांकनात बारकाव्याला दाद मिळते आणि विजयात जे डोळ्यांत भरतं त्याला. "सर्वोत्कृष्ट वेशभूषा" हे "सर्वात जास्त वेशभूषा" असं वाचा, निम्मं काम झालं.

रंगभूषा आणि केशभूषा: मुख्य कलाकाराचा चेहरामोहरा बदललेला चित्रपट शोधा, आणि तो कलाकार स्वतः शर्यतीत पुढे आहे का ते बघा. २०२१ 'द आइज ऑफ टॅमी फे', २०२२ 'द व्हेल', २०२३ 'पुअर थिंग्ज': तिन्ही वर्षी रंगभूषा आणि मुख्य भूमिकेचा पुरस्कार एकाच चित्रपटाला. २०२४ ला 'द सब्स्टन्स'ला रंगभूषा मिळाली, डेमी मूर मात्र राहिली. म्हणजे अभिनयावरून रंगभूषेचा अंदाज बांधता येतो, उलट बांधायला जाऊ नये.

व्हिज्युअल इफेक्ट्स: नामांकनांत सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या यादीतला एखादा असेल तर तोच घ्या. मोठा अपवाद २०१५ चा. 'मॅड मॅक्स', 'द मार्शियन' आणि 'द रेव्हनंट' असे तीन त्या यादीतले असताना 'एक्स माकिना' जिंकला. बहुधा त्या तिघांत मतं फुटली.

संकलन आणि ध्वनी यांची जोडी बरेच जण हमखास लावतात. तिथे जपून. २०१३ ते २०२१ सलग नऊ वर्षं संकलन जिंकलेल्या चित्रपटाला ध्वनीचा किमान एक पुरस्कार मिळाला (२०१९ पर्यंत ध्वनीचे दोन पुरस्कार असत; 'व्हिपलॅश', 'डंकर्क', 'साउंड ऑफ मेटल', 'ड्यून' वगैरे). मग २०२२ ते २०२४ तिन्ही वर्षी जोडी तुटली. २०२४ ला संकलन 'अनोरा'ला आणि ध्वनी 'ड्यून: पार्ट टू'ला. अलीकडे संकलन सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या मागे जातंय आणि ध्वनी वेगळा उभा राहतोय. दोन्हीला एकच नाव लिहिलंत तर एकाचं वजन पाडा, म्हणजे दोन्ही एकदम बुडणार नाहीत.

आंतरराष्ट्रीय चित्रपट: त्यातला कुणी सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या यादीतही असेल तर विषय संपला, वरचं वजन द्या. 'आमूर', 'रोमा', 'पॅरासाइट', 'ड्राइव्ह माय कार', 'ऑल क्वाएट…', 'द झोन ऑफ इंटरेस्ट' सगळे जिंकले. दोघे असतील तर मात्र सावध: २०२४ ला १३ नामांकनांचा 'एमिलिया पेरेझ' मागे राहिला आणि 'आय अ‍ॅम स्टिल हिअर' जिंकला.

कास्टिंगचा विभाग नवा, २०२५ च्या चित्रपटांपासून. ऑस्करचा स्वतःचा इतिहास जवळपास नाहीच, तेव्हा बाफ्टाकडे बघा, त्यांच्याकडे हा पुरस्कार २०२० च्या सोहळ्यापासून आहे. वजन मध्यमच ठेवा. (स्टंटचा विभाग १०० व्या सोहळ्यापासून येतोय, आत्ता तक्त्यात घालू नका.)

बाल्कनी

अभिनयाबद्दल कुणी बोललं नाही म्हणून.

सॅग आणि बाफ्टा एकाच नावावर आले तर शिक्का मारा. २०२४ चे दोन्ही सहायक, झोई साल्डान्या आणि कीरन कल्किन, असेच आले. भानगड ते फुटले की होते. "सॅगमध्ये अमेरिकन अभिनेते मत देतात, ऑस्करची सगळ्यात मोठी शाखाही अभिनेत्यांची, म्हणून सॅग ऐका" हा जुना सल्ला आता तोकडा पडतो. सॅगचे मतदार लाखाच्या वर, आणि त्यात अकादमीचं तोंड न पाहिलेले खूप. दुसरीकडे अकादमीने गेल्या दहा वर्षांत अमेरिकेबाहेरचे सदस्य बरेच वाढवले.

मुख्य भूमिकांत दोघं फुटले तेव्हा काय झालं ते बघा. २०१८: सॅग ग्लेन क्लोज, बाफ्टा ऑलिव्हिया कोलमन, ऑस्कर कोलमन. २०२०: चॅडविक बोसमन आणि व्हायोला डेव्हिस सॅगला, अँथनी हॉपकिन्स आणि फ्रान्सेस मॅकडॉरमंड बाफ्टाला, ऑस्कर बाफ्टावाल्या दोघांना. २०२३: सॅग लिली ग्लॅडस्टोन, बाफ्टा एमा स्टोन, ऑस्कर स्टोन. २०२४: डेमी मूर आणि टिमोथी शॅलमे सॅगला, मायकी मॅडिसन आणि एड्रियन ब्रोडी बाफ्टाला, पुन्हा बाफ्टा.

उलट गेल्याचं ठळक उदाहरण २०२२. मिशेल यो, ब्रेंडन फ्रेझर आणि सहायक भूमिकेत जेमी ली कर्टिस, तिघेही सॅगवाले जिंकले. त्या वर्षी 'एव्हरीथिंग एव्हरीव्हेअर…'ची अमेरिकेत लाट होती आणि बाफ्टाने त्याला फक्त संकलन दिलं होतं. तेव्हा आधी बघा की बाफ्टा त्या चित्रपटावरच रुसलंय का. रुसलं असेल तर सॅग धरा, नाहीतर बाफ्टा.

गोल्डन ग्लोबचे मतदार पत्रकार. त्यांचं एकही मत ऑस्करला जात नाही, शिवाय मुख्य भूमिकांत ड्रामा आणि विनोदी/संगीतमय असे दोन दोन विजेते. त्याचा उपयोग प्रचाराला हवा मिळाली का, एवढंच बघायला.

तिसरी_रांग

मतपेटी, कात्रीवाला, बाल्कनी, आभार. वजनं उलटीपालटी केली. दोन शंका उरल्या. लघुपटांना १, २, ३ दिलेत, ते ठीक ना? आणि सट्टेबाजांचे भाव टक्केवारीत कसे बदलायचे? १.४० आणि ३.५० असे आकडे दिसतात.

अंशछेद

भावाचा व्यस्त घ्या (१०० भागिले भाव), पण तिथेच थांबू नका. समजा पाच जणांचे भाव १.४०, ३.५०, ११, २१, २६ आहेत. व्यस्त: ७१.४, २८.६, ९.१, ४.८, ३.८. बेरीज ११७.७ येते, १०० नाही, कारण वरचा भाग त्यांचा नफा. प्रत्येकाला ११७.७ ने भागून १०० ने गुणा. पहिला ६०.७ टक्के, दुसरा २४.३. म्हणजे "७१ टक्के" वाटणारा प्रत्यक्षात साठीतला. तळाच्या दोघांची टक्केवारी बहुधा फुगलेली असते, त्यांना आणखी थोडं कमी धरा.

सगळ्या २४ विभागांच्या पहिल्या नावाची टक्केवारी एका रकान्यात लिहा, उतरत्या क्रमाने लावा, वरून २४, २३, २२ देत खाली या. वजनांचं काम संपलं.

आता स्पर्धेचं. दहाबारा जण असतील तर सगळीकडे आघाडीचंच नाव लिहून तुम्ही वरच्या चौघांत याल, पहिले येणं अवघड, कारण निम्म्यांचा तक्ता तसाच असेल. दोन ठिकाणी वाट सोडा, जिथे पहिल्या-दुसऱ्यात अंतर कमी आहे. ५० विरुद्ध ४० टक्के असेल आणि वजन ८, तर दुसरं नाव लिहिल्याने सरासरी नुकसान ८ × ०.१० = ०.८ गुण. तेच वजन २० असेल तर २ गुण. म्हणून धाडस मधल्या वजनांत करा. ८५ टक्केवाल्या विभागात वेगळं नाव लिहिणं म्हणजे हौस.

लघुपटांना १-२-३ आधीच देऊन टाकू नका, टक्केवारी बघून ठरवा. एखाद्या वर्षी माहितीपट-लघुपटात स्पष्ट आघाडी असते आणि मूळ पटकथेत घासाघीस.

मतपेटी

लघुपटांबाबत एक भर. ९८ व्या सोहळ्यापासून विभागातली सगळी नामांकित कामं बघितल्याशिवाय सदस्याला त्या विभागात अंतिम मत देता येत नाही. नुसतं ओळखीचं नाव किंवा मोठ्या कंपनीचा शिक्का बघून पडणारी मतं त्यामुळे कमी व्हायला हवीत. लघुपट, माहितीपट आणि अ‍ॅनिमेशनमध्ये जुन्या सवयींवर बांधलेले अंदाज म्हणून थोडे सैल धरा.

बाकी दोन खड्डे.

पटकथेत डब्ल्यूजीएचा (पटकथालेखकांच्या संघटनेचा) विजेता बघण्याआधी स्पर्धेत कोण होतं ते बघा. संघटनेच्या कराराखाली न लिहिलेल्या पटकथा तिथे चालत नाहीत. २०२४ ला 'कॉन्क्लेव्ह' तिथे अपात्र होता, रूपांतरित पटकथा 'निकेल बॉइज'ला गेली आणि ऑस्कर 'कॉन्क्लेव्ह'लाच. शिवाय विभाग बदलतात: 'मूनलाइट' डब्ल्यूजीएला मूळ पटकथा म्हणून जिंकला आणि ऑस्करला रूपांतरित म्हणून. अभिनयातही तेच. केट विन्स्लेटचा 'द रीडर'साठी सहायक म्हणून प्रचार झाला, पुरस्कारही मिळाले, ऑस्करच्या मतदारांनी तिला मुख्य भूमिकेत नामांकन दिलं आणि जिंकवलंही. नामांकनांची अधिकृत यादी समोर ठेवूनच तक्ता भरा.

दुसरं, तारखा. २०२५ च्या सोहळ्यात अंतिम मतदान १८ फेब्रुवारीला संपलं आणि सॅगचा कार्यक्रम २३ ला झाला. बाफ्टा १६ ला होता, मतदान चालू असताना. तिथलं गाजलेलं भाषण मत फिरवू शकत होतं, सॅगचं नाही. प्रत्येक पुरस्काराच्या पुढे "मतदानाआधी" की "नंतर" असा रकाना करा. नंतरचा पुरस्कार कल दाखवतो, बदलत नाही.

कात्रीवाला

आणि बरोबरी झाली तर काय, ते तक्ते जमा व्हायच्या आधी ठरवून घ्या. २०१२ ला ध्वनी संकलनात 'स्कायफॉल' आणि 'झीरो डार्क थर्टी' दोघांनाही पुरस्कार मिळाला होता. दोन्हीपैकी कुठलंही नाव लिहिलं असेल तर पूर्ण गुण, हा सरळ नियम. अर्धे गुण ठेवलेत तर कुणालाच पूर्ण ३०० मिळू शकणार नाहीत, आणि निकालाच्या रात्री भांडण पक्कं.